लिंबूटिंबू आणि गडी
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी मुलांच्या खेळात 'लिंबूटिंबू' नावाचे एक पद पूर्वापार चालत आले आहे. खेळ मांडला, गडी वाटून झाले आणि थोरल्या भावाचे बोट धरून आलेले धाकटे भावंड 'मलाही घ्या' म्हणून रडू लागले, म्हणजे मुले त्याला लिंबूटिंबू करून घेतात. ते धावते, ओरडते, हसते. पण पकडले गेले तरी बाद होत नाही आणि त्याच्यावर कधी राज्य येत नाही. लहानाचे मन मोडायचे नाही आणि खेळही मोडायचा नाही, अशी दोन्ही कामे साधणारी ही मोठी समंजस व्यवस्था मुलांनी स्वतःच शोधून काढलेली आहे. परंतु या व्यवस्थेला एक मुदत असते. वर्ष-दोन वर्षांत त्या धाकट्याचे पाय बळकट होतात आणि एके दिवशी तो खरा गडी होतो. त्या दिवशी तो प्रथमच बाद होतो, आणि त्या बाद होण्याचाही त्याला अभिमान वाटतो.

शाळेतील दिव्यांग बालकाच्या वाट्याला हे पद आले, तर त्याला ही मुदत नसते. पहिलीत तो लिंबूटिंबू असतो आणि सातवीतही लिंबूटिंबूच राहतो. पुष्कळदा तर तेवढेही त्याच्या वाट्यास येत नाही. मधली सुट्टी होते, मुले पटांगणात धाव घेतात आणि कुबडी घेणारी एखादी मुलगी ओसरीच्या पायरीवर बसून राहते. तिच्याजवळ इतरांच्या चपला आणि दप्तरे सांभाळायला दिलेली असतात. शिक्षक प्रेमळ असला तर तो तिला गुण मोजण्याचे काम देतो. या सर्वांत कोणाचाही दुष्टपणा नसतो. मुले प्रेमळ असतात, शिक्षकही प्रेमळ असतो. तथापि पाच-सात वर्षे रोज दुसऱ्यांचा खेळ पाहत बसलेले मूल त्यातून एकच धडा शिकते. जग हे इतरांचे आहे आणि आपण त्याच्या कडेला बसावयाचे आहे, हा तो धडा होय. वर्गात शिकविलेल्या कोणत्याही पाठापेक्षा हा धडा अधिक खोल जातो.

आजचा विषय शाळेच्या क्रीडांगणाची अशी मांडणी करण्याचा आहे, की जीत हे मूल कडेला राहणार नाही. मोठ्या शहरांत याकरिता विशेष उद्याने उभारली जातात, त्यांत महाग साधने असतात. खेड्यातील दोन-तीन शिक्षकी शाळेला ते शक्य नाही, आणि सुदैवाने त्याची फारशी गरजही नाही. येथे मुरूम, दोरी, घुंगरू, चुना आणि थोडा विचार एवढ्यावर बरेच काम होण्यासारखे आहे.

प्रथम कर्तव्याची बाजू पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने खेळणे हा बालकाचा हक्क मानला, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याच्या ३० व्या कलमात दिव्यांग बालकांना इतर बालकांच्या बरोबरीने, शाळेतील खेळांसह सर्व खेळांत भाग घेता यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे आणि इमारतीत अडथळ्यावाचून प्रवेश असावा, या दोन्ही गोष्टी आहेत. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या १६ व्या कलमाने शाळांवर जी जबाबदारी टाकली आहे, तीत भेदभाव न करता प्रवेश देणे आणि शिक्षणाबरोबरच खेळ व करमणूक यांची समान संधी देणे, ही दोन्ही एकाच वाक्यात येतात. म्हणजे मूल पटावर घेतले आणि ओसरीवर बसविले, तर कायद्याचे अर्धेच पालन झाले असे म्हणावे लागेल.

'आमच्या शाळेत असे मूलच नाही' असे काही ठिकाणी सांगितले जाते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यांत कुबडी, पांढरी काठी, श्रवणयंत्र अशा खुणांनी ओळखू येणारी मुले आहेत. तशीच स्वमग्न मुले आहेत, दृष्टी मंद असलेली मुले आहेत आणि सिकलसेलचा आजार असलेली मुलेही आहेत. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातील इतर जिल्ह्यांतील शिक्षकांना हा आजार ठाऊक आहे. असे मूल दिसण्यात इतरांसारखेच असते. पण उन्हात फार धावले आणि पाणी कमी पडले, तर त्याला असह्य वेदना होतात. तेव्हा खेळात मागे राहणारे प्रत्येक मूल आळशी किंवा भित्रे आहे असे समजण्यापूर्वी त्याचे कारण पाहिले पाहिजे.

आता क्रीडांगणाकडे वळू. क्रीडांगण सर्वांचे आहे की नाही हे पाहण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. मूल तेथवर स्वतः पोहोचते काय? पोहोचल्यावर त्याला करण्यासारखे काही आहे काय? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की त्याच्यावर राज्य येते काय?

पहिला प्रश्न वाटेचा आहे. बहुतेक शाळांना आता उतरता मार्ग, म्हणजे रॅम्प, बांधलेला असतो. परंतु तो बहुधा फाटकाकडून वर्गाकडे जातो. वर्गातून पटांगणाकडे जाणाऱ्या बाजूस पायऱ्याच असतात. मुलाने वर्गात यावे एवढी सोय झाली, त्याने खेळावयास जावे हा विचार बांधणाऱ्याच्या मनात आला नाही, असा याचा अर्थ होतो. शिवाय पुष्कळ रॅम्प इतके चढे असतात, की मोठ्या माणसानेही खुर्ची ढकलताना दमावे. येथे एक साधे माप ध्यानात ठेवावे: जेवढी उंची, तिच्या बारापट लांबी. शाळेचे जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर उताराची लांबी ५ मीटर ४० सेंटिमीटर हवी. रुंदी किमान १२० सेंटिमीटर असावी, दोन्ही बाजूंस धरावयास कठडा असावा, आणि वर व खाली चाकाची खुर्ची वळेल अशी दीड मीटर लांबी-रुंदीची सपाट जागा असावी. नवे बांधकाम होत असेल तेव्हा शिक्षकाने हे माप हातात घेऊन गवंड्याजवळ उभे राहणे अगत्याचे आहे. एकदा सिमेंट वाळले, की पुढे वीस वर्षे ते तसेच राहते.

उतार संपल्यावर पुढची वाट असते. कोकणात चढउतार आणि जांभ्याचे उंचसखल दगड असतात. मराठवाड्यात व विदर्भात काळी माती पावसाळ्यात चाकाला आणि कुबडीला धरून ठेवते. दोन्हीकडे उपाय जवळपास एकच आहे. ओसरीपासून मैदानापर्यंत, आणि मैदानाभोवती एक फेरी होईल अशी, सुमारे सव्वा मीटर रुंदीची वाट आखावी. माती थोडी काढून मुरूम भरावा, पाणी मारून धुमसाने तो चांगला ठोकावा, आणि पाणी साचणार नाही असा किंचित ढाळ द्यावा. गावकऱ्यांच्या श्रमदानातून हे दोन दिवसांचे काम आहे. ही फेरीची वाट केवळ दिव्यांग मुलाच्या उपयोगाची असते असे नाही. अंगणवाडीतील मुले, नातवाला न्यायला आलेल्या आजीबाई, पोषण आहाराचे पातेले नेणाऱ्या ताई, सर्वच तिचा उपयोग करू लागतात.

वाटेवरील काट्यांकडे विशेष लक्ष द्यावे. पावसाळ्यानंतर सराट्याचे वेल मैदानभर पसरतात. धावणाऱ्या मुलाच्या पायात सराटा रुतला तर तो काढून पुढे पळतो. पण रांगत किंवा हातांवर सरकत जाणारे मूल तळहात टेकून चालते; त्याच्यासाठी सराट्याचे मैदान म्हणजे बंद दार होय. चाकाची हवाही सराटा आणि बाभळीचा काटा हेच घालवितात. दिवाळीच्या सुट्टीनंतर सर्व मुलांनी मिळून सराटे मुळासकट उपटण्याचा एक तास ठेवला, तर पैशावाचून मैदान सर्वांना मोकळे होते. सावलीसाठी झाड लावताना बाभळीऐवजी कडुनिंब किंवा करंज निवडावा.

स्वच्छतागृह हा विषय क्रीडांगणाचा नाही असे वाटेल. पण तो आहे. ज्या मुलाला शाळेच्या स्वच्छतागृहात जाता येत नाही, ते सकाळपासून पाणी पीत नाही. आणि जे पाणी पीत नाही ते उन्हात खेळत नाही. पटांगणापासून पाण्यापर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंत वाट झाली नसेल, तर खेळाची बाकीची सोय व्यर्थ जाते.

दुसरा प्रश्न साधनांचा. येथे एक खरी अडचण आहे, ती नीट समजून घेतली पाहिजे. झोपाळा आणि घसरगुंडी यांच्याखाली मऊ वाळू हवी, म्हणजे पडल्यास लागत नाही. पण त्याच मऊ वाळूत चाक रुतते आणि कुबडी खोल जाते. एकाच्या सुरक्षिततेसाठी जे करावे ते दुसऱ्याला अडथळा ठरते. यावर मार्ग असा, की टणक वाट झोपाळ्याच्या अगदी कडेपर्यंत आणावी आणि मूल जेथे पडण्याचा संभव तेवढ्याच जागेत वाळू ठेवावी. झोपाळ्यांपैकी एकाची बैठक खुर्चीच्या उंचीची, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर ठेवावी. म्हणजे मूल खुर्चीतून तीवर सरकू शकते. त्या बैठकीला पाठ आणि पुढे आडवी दोरी असावी. वाहनाचा जुना टायर, लोखंडी तार बाहेर आलेली नाही याची खात्री करून, आडवा टांगला, तर त्यात दोन मुले मिळून बसतात आणि एक दुसऱ्याला सांभाळते.

वाळूचा खेळ सर्वांना आवडतो. त्यासाठी जमिनीवर हौद असतोच; त्याच्याजवळ एक उंच ओटा करून त्यावर वाळूची उथळ पेटी ठेवावी. ओट्याची एक बाजू खालून पोकळ असावी आणि तेथे सुमारे ६० सेंटिमीटर मोकळी उंची सोडावी, म्हणजे खुर्चीत बसलेल्या मुलाचे गुडघे आत जातात व त्याचे हात वाळूपर्यंत पोहोचतात. ही पेटी हौदाला लागूनच हवी. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दिव्यांग मुलांसाठी म्हणून वेगळा कोपरा केला, तर तो कितीही सुंदर झाला तरी ती पुन्हा ओसरीची पायरीच झाली.

घसरगुंडी पत्र्याची असेल तर दुपारी तिला हात लावून पाहिल्याखेरीज कोणालाही बसू देऊ नये. पाठीच्या कण्याच्या दोषामुळे ज्या मुलाच्या पायांना संवेदना नसते, त्याला चटका बसल्याचे कळतही नाही. जखम घरी गेल्यावर दिसते. म्हणून घसरगुंडीचे तोंड उत्तरेकडे असावे किंवा ती झाडाच्या सावलीत असावी.

अंध आणि दृष्टी मंद असलेल्या मुलांसाठी पायाला कळणारी खूण हवी. गोलबॉल हा अंधांचा खेळ दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी निघाला. त्यात मैदानाच्या रेषांखाली दोरी घालतात, म्हणजे खेळाडूला रेषा बोटांनी आणि पायांनी समजते. खेड्यातील मैदानावर हीच युक्ती करता येते. रेषेवर बारीक चर खणून त्यात काथ्याची दोरी अर्धी बुजवावी. ती अडखळण्याइतकी वर येऊ देऊ नये. दोरीवर चुना ओढला म्हणजे मंद दृष्टीच्या मुलाला पांढरी रेषाही दिसते. मैदानाचा एक कोपरा आवाजाने ओळखू यावा म्हणून तेथे वाऱ्याने वाजणारी लहानशी घंटा टांगावी. झोपाळ्याच्या पुढे-मागे तर अशी खूण अवश्य हवी, कारण हलता झोपाळा अंध मुलाला दिसत नाही आणि तोंडावर बसतो.

कर्णबधिर मुलाला शिट्टी ऐकू येत नाही. खेळ थांबला हे त्याला सर्वांच्या नंतर कळते, आणि तो नियम मोडतो असा त्याच्यावर आरोप होतो. शिट्टीबरोबरच लाल निशाण उंच करण्याची सवय शिक्षकाने लावून घेतली, तर हा सारा घोळ मिटतो. स्वमग्न मुलाला उलट फार आवाज आणि गर्दी सोसत नाही. त्याच्यासाठी झाडाखाली एक शांत बैठक असावी, जेथून खेळ दिसेल पण अंगावर येणार नाही. तेथून तो आपल्या वेळेने खेळात येईल. आज कोणता खेळ, त्यानंतर कोणता, हे चित्राने फळ्यावर आधीच दाखविले, तर त्याची अस्वस्थता पुष्कळ कमी होते.

तिसरा प्रश्न राज्याचा. वाट झाली, साधने झाली, तरी खेळाच्या नियमांत जागा नसेल तर मूल लिंबूटिंबूच राहते. येथे शिक्षकाने एक तत्त्व धरावे: नियम एका मुलापुरता सैल न करता, सर्वांसाठी वेगळा करावा. 'तू बाद झालास तरी चालेल' असे एकाला सांगितले, म्हणजे त्याला खेळाबाहेर काढले. 'आज सर्वांनी बसून खेळावयाचे' असे सांगितले, म्हणजे खेळच नवा झाला आणि त्यात सर्व सारखे झाले.

बसून खेळण्याच्या व्हॉलीबॉलचा जन्म याच विचारातून १९५६ मध्ये नेदरलँड्समध्ये झाला, आणि १९८० पासून तो पॅरालिम्पिक स्पर्धांत पुरुषांसाठी खेळला जातो. पुढे स्त्रियांचीही स्पर्धा आली. त्यात चेंडूला हात लावताना बैठक जमिनीवरून उठता कामा नये. दोन खांबांना एक मीटर उंचीवर दोरी बांधावी, हलका चेंडू घ्यावा आणि सर्व मुलांना खाली बसवावे. जमिनीवर बसून जेवणाऱ्या, अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलांना ही बैठक नवी नाही. हातांवर सरकण्याची रोजची सवय ज्या मुलाला आहे, ते या खेळात इतरांना सहज मागे टाकते, हे पाहण्यासारखे असते.

आपल्या जुन्या खेळांतही अशा जागा पुष्कळ आहेत. खो-खोमध्ये खो देताना पाठीला हाताचा स्पर्शही करावयाचा असतो. म्हणून कर्णबधिर मूल तो खेळ कोणताही नियम न बदलता खेळू शकते. आट्यापाट्यांत पाटी अडविणारा गडी आपल्या रेषेवरच मागेपुढे सरकतो. ती एक रेषा टणक मुरुमाची केली, तर चाकाच्या खुर्चीतील मूल त्या पाटीचा पक्का रखवालदार होते. साखळीच्या खेळात सर्वांनी हात धरून पळावयाचे असते. अंध मूल साखळीच्या मध्ये असले म्हणजे दोन्ही हातांनी त्याला दिशा कळते. लगोरीत रचलेले दगड उंच ओट्यावर मांडले, तर वाकता न येणारे मूलही लगोरी लावू शकते. आंधळ्या कोशिंबिरीत सर्वांवर पाळीपाळीने डोळे बांधण्याची वेळ येते. तेथे अंध मुलगी बहुधा सर्वांत तरबेज ठरते, कारण आवाजावरून माणूस ओळखण्याचा तिचा रोजचाच अभ्यास असतो. सागरगोटे आणि बुद्धिबळ हे बैठे खेळ आहेतच. पण केवळ बैठे खेळ देऊन शिक्षकाने आपले कर्तव्य संपले असे मानू नये. अंगाला घाम येणे हीदेखील मुलाची गरज आहे.

क्रिकेट हा आज गावोगावचा खेळ आहे. १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे कारखान्यात काम करणाऱ्या दोन अंध कामगारांनी डब्यात खडे घालून, त्याच्या आवाजावर क्रिकेट खेळण्यास आरंभ केला. त्या खडे भरलेल्या डब्यापासून वाढत गेलेल्या या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९८ मध्ये नवी दिल्ली येथे झाली. आता त्यासाठी प्लॅस्टिकच्या चेंडूत बेअरिंगच्या गोळ्या घालतात आणि चेंडू खांद्यावरून न टाकता हात खाली ठेवून सरपटी टाकतात. शाळेला असा चेंडू मिळेपर्यंत पोकळ चेंडूत घुंगरू घालून तो शिवून घ्यावा, किंवा साधा चेंडू कुरकुरणाऱ्या पिशवीत घट्ट गुंडाळावा; तो घरंगळताना ऐकू येतो. सर्व मुलांनीच त्या चेंडूने, सरपटी गोलंदाजीने खेळावे. शाळेचा हा एक वेगळा डाव म्हणून मुले तो आनंदाने स्वीकारतात.

येथे मुरलीकांत पेटकर यांचे नाव घेणे उचित होईल. सांगली जिल्ह्यातील पेठ या गावचा हा सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. त्याने पुढे १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील स्पर्धेत ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळविले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. हे चरित्र मुलांना अवश्य सांगावे. परंतु ते सांगताना एक सावधगिरी बाळगावी. दिव्यांग मुलाने पदक मिळविले तरच त्याच्या खेळण्याला अर्थ आहे, असा भाव त्यातून निघू नये. इतर मुलांना आपण पदकासाठी खेळू देत नाही. ती मुले आहेत म्हणून खेळू देतो. तोच न्याय येथेही लागू आहे.

एवढे ऐकल्यावर शिक्षकाच्या मनात एक भीती उभी राहते आणि ती खोटी नाही. मूल पडले, त्याला लागले, तर पालकांना काय उत्तर द्यावयाचे? 'तुला झेपणार नाही, बस' या वाक्यामागे पुष्कळदा हीच भीती असते. यावर मार्ग दोन आहेत. पहिला, मुलाची माहिती. अपस्माराचे झटके येणाऱ्या मुलाला उंच चढू देऊ नये, पण मैदानावर धावण्यास बहुधा हरकत नसते. हिमोफिलिया असलेल्या मुलाला धक्काबुक्कीचे खेळ वर्ज्य; नेम मारण्याचे, फेकण्याचे खेळ त्याला मोकळे असतात. सिकलसेलच्या मुलाला सावली, वारंवार पाणी आणि दमल्यास थांबण्याची मुभा हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत तपासणीस येते. त्या वेळी 'या मुलाने काय खेळू नये' एवढेच न विचारता 'याने काय खेळावे' हेही डॉक्टरांना विचारून ठेवावे. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक भेटीस येतात, त्यांनाही वर्गाबरोबर पटांगणात न्यावे.

दुसरा मार्ग, पालकांशी आधी बोलणे. आई-वडिलांना मैदान दाखवावे, कोणता खेळ कसा खेळविणार ते सांगावे. पुष्कळ माता मुलाला जपण्यासाठी घरातच ठेवतात. त्यामागे वर्षानुवर्षांचे दुःख असते. त्यांना उपदेश करू नये. एक दिवस शाळेत बोलावून आपल्या मुलाला खेळताना पाहू द्यावे. एवढे करूनही गुडघा खरचटेल तेव्हा खरचटेल. शाळेत ज्याचा गुडघा एकदाही खरचटला नाही, असे दुसरे कोणते मूल आहे?

खर्चाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. शाळेच्या वाटेचा आणि स्वच्छतागृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह ग्रामपंचायतीपुढे ठेवावा. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. दिव्यांग मुलाचे पालक त्यांत असतील तर विषय आपोआप पुढे सरकतो. मात्र निधी येईपर्यंत थांबू नये. सराटे काढणे, दोरी बुजविणे, निशाण शिवणे आणि बसून खेळण्याचा डाव सुरू करणे यांना मंजुरी लागत नाही.

शेवटी, हे सर्व करताना ज्याच्यासाठी करावयाचे त्याला विचारावयास विसरू नये. शिक्षकाने त्या मुलाबरोबर फाटकापासून मैदानाच्या टोकापर्यंत एकदा सावकाश चालावे. 'येथे काय अडते? तुला कोणता खेळ खेळावासा वाटतो?' एवढे दोन प्रश्न विचारावेत. मोठ्या माणसाला न दिसलेली गोष्ट ते मूल चटकन दाखविते. नंतर वर्गातील इतर मुलांपुढे तोच प्रश्न ठेवावा: हा गडी म्हणून खेळायचा, तर डाव कसा बदलावा? नियम तयार करण्यात मुले तरबेज असतात. लिंबूटिंबूचे पद त्यांनीच निर्माण केले. ते पद कधी काढून घ्यावयाचे, हेही त्यांना कळते.

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने तीन गोष्टी कागदावर लिहून आणाव्यात, अशी विनंती आहे. पहिली, वर्गापासून मैदानापर्यंतच्या वाटेत किती अडथळे सापडले व त्यांतील कोणते दूर झाले. दुसरी, कोणत्या खेळाचा नियम मुलांनी कसा बदलला. तिसरी गोष्ट एका ओळीची आहे: मधल्या सुट्टीत ओसरीवर बसणाऱ्या मुलावर या महिन्यात किती वेळा राज्य आले.